डोपामिन, सोडियम आणि पेशीचं वय

२००० आणि २००१ या लागोपाठच्या वर्षांत मेंदूविज्ञानात एकाच प्रश्नाची दोन उत्तरं छापून आली आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. प्रश्न वरवर साधा होता. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या चेतापेशीवर डोपामिन पडलं, की तिच्यात शिरणारा सोडियमचा प्रवाह वाढतो की घटतो? नतालिया गोरेलोवा आणि चार्ल्स यांग यांचं उत्तर होतं, या प्रवाहाचा एक चिवट, मागे रेंगाळणारा अंश डोपामिनमुळे नेहमीपेक्षा लवकर सुरू होतो, म्हणजे पेशी जास्त तत्पर होते. वर्षभरात निकोला मॉरिस, जेम्स सर्मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्या रेंगाळणाऱ्या अंशाला डोपामिन हातही लावत नाही. उलट मोठा, वेगवान प्रवाहच घटतो. दोन्ही कामं काळजीपूर्वक केलेली होती. त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ लोटला, तरी कुणी एक बाजू जिंकली असं म्हणता येत नाही.

या वादात पद्धतीविषयी भरपूर बोललं गेलं, रसायनांविषयीही. ज्या जनावराच्या मेंदूतून पेशी काढली त्याचं वय मात्र ‘साहित्य आणि पद्धती’ या विभागातल्या एका ओळीत उरकलं गेलं. माझ्या मते या प्रश्नाची किल्ली बरीचशी त्या ओळीत आहे.

आधी सोडियमची बाजू पाहू. चेतापेशी स्वस्थ असते तेव्हा तिचं अंतरंग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट ऋण असतं. हे ऋणपण एका मर्यादेपर्यंत कमी झालं की पेशीच्या पटलातल्या सोडियम वाहिन्या उघडतात, सोडियम आत धावतो आणि विद्युत स्पंद उठतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर हे गणितात बसवलं ते १९५२ साली. हा प्रवाह एक-दोन मिलिसेकंदांत स्वतःच बंद पडतो, कारण वाहिनी उघडल्यावर लगेच आतून तिचं तोंड बुजतं. सगळ्या वाहिन्या मात्र इतक्या शिस्तीच्या नसतात. एकूण प्रवाहाचा एक-दोन टक्के भाग बंद न होता चालू राहतो. हाच तो रेंगाळणारा सोडियम प्रवाह. आकाराने नगण्य, पण स्पंद उठण्याच्या उंबरठ्याच्या अलीकडेच तो सुरू होतो. त्यामुळे पेशी पेटणार की नाही याचा निकाल बरेचदा त्याच्या हातात असतो.

डोपामिनची बाजू वेगळ्या वाटेने पुढे आली. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस सशांना रेसर्पिन देऊन त्यांचा मेंदू डोपामिनपासून रिकामा केला. ससे निपचित पडले, ज्यापासून डोपामिन बनतं ते एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालू लागले. डोपामिन हा केवळ नॉरअ‍ॅड्रेनालिनचा कच्चा माल नसून मेंदूचा स्वतंत्र निरोप्या आहे हे त्यातून पुढे आलं. रेसर्पिन ज्या वनस्पतीतून निघालं ती आपली सर्पगंधा. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष तिच्याकडे वळलं. कार्लसन यांना २००० सालचं नोबेल मिळालं ते पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांच्यासोबत, आणि आपल्या विषयात ग्रीनगार्ड यांचं नाव अधिक जवळचं आहे. डोपामिन पेशीच्या आत काय करतं हे त्यांनी शोधलं.

डोपामिनच्या रेणूतून स्वतःचा असा प्रवाह वाहत नाही. तो पाटकऱ्यासारखा आहे. पाणी त्याचं नसतं, कोणत्या वाफ्याला किती सोडायचं एवढंच तो ठरवतो. ही ठरवाठरवी पाच प्रकारच्या ग्राहींमार्फत होते. डी१ आणि डी५ एका कुळातले, डी२, डी३ आणि डी४ दुसऱ्या. पहिलं कूळ पेशीत चक्रीय एएमपी वाढवतं, त्याने प्रोटीन कायनेज ए हे विकर जागं होतं आणि ते वाहिन्यांवर फॉस्फेटचे गट चिकटवतं. दुसरं कूळ साधारण याच्या उलट वागतं. माकडांच्या प्रीफ्रंटल भागात डी१ कुळाचे ग्राही डी२ कुळापेक्षा दहा ते वीस पट जास्त असतात, म्हणून चर्चा मुख्यतः डी१भोवती फिरते.

फॉस्फेट सोडियम वाहिनीवर नेमकं कुठे बसतं? विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये वाहिनीच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडांना जोडणाऱ्या दुव्यात ५७३ क्रमांकाच्या सेरीनवर बोट ठेवलं. तिथे फॉस्फेट बसलं की वेगवान प्रवाह कमी होतो. हे काम मुख्यतः हिप्पोकॅम्पसच्या पेशींवर झालं. त्याआधी १९९० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात स्ट्रायटममध्येही डी१मुळे सोडियम घटतो असं दिसलं होतं. त्यामुळे प्रीफ्रंटल भागातही तसंच होईल अशी अपेक्षा कुणी धरली तर नवल नव्हतं. पण १९९६ मध्ये यांग आणि जेरेमी सीमन्स यांनी उंदरांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या खोल थरांत नोंदी घेतल्या आणि डी१मुळे रेंगाळणारा सोडियम प्रवाह जास्त ऋण व्होल्टेजलाच सुरू होतो, असं मांडलं. सोबत पेशीला आवर घालणारा एक मंद पोटॅशियम प्रवाहही कमी होत होता. दोन्हींचा परिणाम एकच, पेशी जास्त वेळ पेटती राहते. गोरेलोवा आणि यांग यांनी यात प्रोटीन कायनेज सी हे दुसरं विकर गुंतलेलं असल्याचं दाखवलं.

हा निष्कर्ष पटकन स्वीकारला गेला, आणि त्याला कारण होतं. १९७९ मध्ये ब्रोझोस्की, पॅट्रिशिया गोल्डमन-राकिश आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांच्या प्रीफ्रंटल भागातलं डोपामिन नष्ट केलं, तेव्हा काही सेकंद एखादी जागा लक्षात ठेवायच्या चाचणीत माकडं जवळजवळ तो भाग कापून काढल्यासारखीच अपयशी ठरली होती. मग काही सेकंद आठवण धरून ठेवणाऱ्या पेशींना पेटतं ठेवण्यासाठी डोपामिन सोडियमचा रेंगाळणारा प्रवाह वाढवतं, ही गोष्ट फारच छान जुळत होती. संगणकी प्रतिमानांनीही ती उचलली. मला वाटतं, गोष्ट इतकी नीट जुळते तेव्हाच थोडं सावध व्हावं.

सर्मायर यांच्या गटाने ही सावधगिरी दाखवली. त्यांनी पेशी सुट्या करून मोजणी केली आणि प्रत्येक पेशीत कोणत्या सोडियम वाहिन्यांचे जनुकीय निरोप आहेत तेही तपासले. तीन प्रकार मिळाले: नॅव्ह १.१, १.२ आणि १.६. डी१ आणि डी५च्या चेतनेने वेगवान प्रवाह सातत्याने घटला, प्रोटीन कायनेज ए रोखल्यावर ही घट थांबली, आणि रेंगाळणारा अंश तसाच राहिला. नॅव्ह १.६ नसलेल्या उत्परिवर्तित उंदरांत रेंगाळणारा प्रवाह मुळातच कमी होता, आणि जो काही उरला होता तो कायनेज एने घटला. म्हणजे डोपामिनचा आवर १.१ आणि १.२ या वाहिन्यांवर चालतो, रेंगाळणारा प्रवाह पुरवणारी १.६ त्याला फारशी दाद देत नाही. पुढे कॅटरॉल यांच्या गटानेही १.६ वाहिनी या कायनेजांना कमी प्रतिसाद देते, असं २००८ मध्ये दाखवलं.

दोन्ही पद्धतींना आपापली दुखणी आहेत. पेशी सुटी करताना तिचे शाखातंतू आणि लांब अक्षतंतू तुटतात, मागे राहतो तो मुख्यतः गोळा. अक्षतंतूचा सुरुवातीचा तुकडा, जिथे स्पंद जन्मतो आणि जिथे १.६ सर्वाधिक दाटीने असते, तो यात बहुतेक गमावला जातो. उलट गोरेलोवा आणि यांग यांनी वापरलेल्या मेंदूच्या कापात पेशी पूर्ण असते, पण गोळ्यातून लावलेलं व्होल्टेज दूरच्या तंतूंपर्यंत नीट पोहोचत नाही. तिथला सोडियम आपल्या मर्जीने वागतो आणि मोजणीत येतो. तेव्हा एकाने अक्षतंतूविना पेशी मोजली आणि दुसऱ्याने बेलगाम अक्षतंतूसह मोजली. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

मोजणीच्या वेळी पेशी कोणत्या व्होल्टेजवर धरली होती, यानेही उत्तर बदलतं. कँट्रेल, शॉयर आणि कॅटरॉल यांनी १९९९ मध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं, की पेशी खूप ऋण व्होल्टेजवर धरली तर डी१चा परिणाम जेमतेम दिसतो, आणि ऋणपण कमी होत जाईल तशी सोडियमची घट वाढते. जिवंत मेंदूत प्रीफ्रंटल पेशी दोन अवस्थांमध्ये झुलतात, एक खोल ऋण आणि शांत, दुसरी उंबरठ्याजवळची आणि सावध. तेव्हा डोपामिनचा सोडियमवरचा आवर सावध पेशीवर जास्त आणि शांत पेशीवर कमी पडायला हवा. एकाच डोपामिनने एका पेशीत तत्परता आणि शेजारच्या पेशीत आवर, हे यामुळे अशक्य राहत नाही.

आता वय. उंदराच्या कॉर्टेक्समधल्या पेशींत सोडियम प्रवाहाची घनता गर्भावस्थेपासून जन्मानंतरच्या पन्नासाव्या दिवसापर्यंत सहा ते दहा पट वाढते, हे ह्युगनार्ड, हॅमिल आणि प्रिन्स यांनी १९८८ मध्ये मोजलं होतं. पण नुसती वाढ हा मुद्दा नाही. कोणती वाहिनी कुठे बसते, तेही बदलतं. नवजात उंदरात अक्षतंतूच्या आरंभखंडावर १.२चं राज्य असतं. पहिल्या आठवड्यानंतर तिथल्या दूरच्या टोकाला १.६ येऊन बसते आणि १.२ गोळ्याजवळच्या भागात आणि शाखातंतूंत उरते. शांघायच्या यौशेंग शू यांच्या गटाने २००९ मध्ये याच प्रीफ्रंटल पेशींत या वाटणीचा अर्थ लावला. दूरच्या टोकाची १.६ स्पंद उठवते, गोळ्याजवळची १.२ तो स्पंद उलटा शाखातंतूंकडे पाठवते. केविन बेंडर यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये यात आणखी एक धागा जोडला. १.२च्या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्या उंदरांत पहिल्या आठवड्यात स्पंद उठणंच मंदावतं. पण प्रौढपणी स्पंद व्यवस्थित उठतात आणि शाखातंतूंची उत्तेजकता मात्र ढासळते. हेच जनुक, एससीएन२ए, माणसांत ऑटिझमशी सर्वांत ठळकपणे जोडलं गेलेल्या जनुकांपैकी एक आहे.

डोपामिनचा १.२वरचा आवर आणि १.२ची वयासोबत बदलणारी जागा, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की जे दिसतं ते मला या सगळ्या साहित्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हा माझा अर्थ आहे, कुणी एका प्रयोगात सिद्ध केलेला निष्कर्ष नव्हे. डी१चा आवर मुख्यतः १.२वर चालत असेल, तर वयासोबत त्या आवराची जागाच सरकते. अगदी कोवळ्या पेशीत तो स्पंद उठण्यावर पडेल, कारण तिथे १.२च स्पंद उठवते. प्रौढ पेशीत तोच आवर स्पंद उठू देईल, पण त्याचं शाखातंतूंकडे परतणं रोखेल. आणि परतणारा स्पंद ही पेशीची शिकण्याची यंत्रणा आहे: कोणता जोड बळकट करायचा हे त्याच्या येण्यावर ठरतं. म्हणजे एकच रसायन, एकच ग्राही, एकच विकर, आणि तरी लहानपणी ते ‘बोलू नको’ म्हणेल तर मोठेपणी ‘बोल, पण हे लक्षात ठेवू नको’ असं काहीसं. आता बहुसंख्य कापांतल्या नोंदी दोन ते पाच आठवड्यांच्या उंदरांवर होतात, कारण वयस्कर मेंदूत मायलिन इतकं दाटतं की सूक्ष्म काचनळीने पेशी नीट पकडणं अवघड होतं. तो काळ नेमका या हस्तांतराच्या मागोमागचा, अजून स्थिरावण्याचा. तिथले निकाल प्रौढ मेंदूला लावताना हात आखडता घ्यायला हवा.

डोपामिनचा पुरवठाही वयासोबत स्थिर नसतो. उंदराच्या प्रीफ्रंटल भागात डोपामिनचे तंतू जन्मानंतर विरळच असतात आणि साठाव्या दिवसापर्यंत दाट होत जातात. माकडांत तिसऱ्या थरातले हे तंतू किशोरवयात शिखर गाठून पुढे ओसरतात, असं रोझेनबर्ग आणि लुईस यांना १९९०च्या दशकात दिसलं. ग्राहींबाबत मात्र एकवाक्यता नाही. अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलं, की उंदराच्या प्रीफ्रंटल भागात डी१ आणि डी२ साठाव्या दिवसापर्यंत गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि मग छाटले जातात. त्याच वर्षी ताराझी आणि बाल्देसारिनी यांना कॉर्टेक्समध्ये अशी छाटणी दिसली नाही, तिथे साठाव्या दिवसापर्यंत वाढ आणि मग स्थिरता होती. माणसांच्या मरणोत्तर मेंदूंवर काम करणाऱ्या सिंथिया वाइकर्ट यांच्या गटाला डी१चे जनुकीय निरोप किशोर आणि तरुण वयात सर्वाधिक, तर डी२चे नवजात वयात सर्वाधिक आढळले. छाटणी होते की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी डी१चं शिखर पौगंडाच्या आसपास येतं, यावर बरीच सहमती दिसते.

किशोरवयाबद्दल सर्वांत स्पष्ट निकाल क्यूई त्सेंग आणि पॅट्रिशिओ ओ’डॉनेल यांचे आहेत. उंदरांच्या कापांत डी१ आणि ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राही एकत्र चेतवले, की प्रौढ पेशी त्या सावध अवस्थेत उडी घेतात आणि तिथे रेंगाळतात. पौगंडापूर्वीच्या पेशींना हे जमत नाही. २००७ मध्ये त्यांनीच दाखवलं, की आजूबाजूच्या आवर घालणाऱ्या लहान पेशींवर डी२चा परिणामही पौगंडानंतर बदलतो. डी२ चेतवल्यावर प्रौढ उंदरांत या पेशी अधिक उत्तेजित होतात, लहानांत नाहीत. हे निकाल सोडियमचे नाहीत हे खरं, पण सोडियमवर याची सावली पडतेच. सावध अवस्था म्हणजे कमी ऋण व्होल्टेज, आणि कँट्रेल यांच्या मोजणीप्रमाणे तिथेच डी१चा सोडियमवरचा आवर सर्वाधिक. जो मेंदू अजून सावध अवस्थेत राहायलाच शिकलेला नाही, त्यात हा आवर कामाला येण्याच्या वेळाही कमी. स्किझोफ्रेनियाची लक्षणं बहुधा पौगंडाच्या शेवटी किंवा विशीत का उफाळतात याची उत्तरं शोधणारे या निकालांकडे ओढले जातात. पण एका सोडियम प्रवाहातून थेट त्या आजारापर्यंत उडी मारणारे लेख वाचले की मला ती घाई वाटते. मधले टप्पे अजून बरेच आहेत.

वार्धक्याची बाजू अधिकच चमत्कारिक आहे. तेत्सुया सुहारा यांनी १९९१ मध्ये निरोगी माणसांच्या मेंदूंची पीईटी छायाचित्रं घेऊन दाखवलं, की तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ललाट भागातली डी१ ग्राहींशी होणारी जोडणी एक-तृतीयांशाहून जास्त घटते. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ग्राही आणि डोपामिन परत पेशीत नेणारे वाहक वयासोबत घटतात, पण डोपामिन तयार करण्याची क्षमता घटताना दिसत नाही, असं निघालं. माल तेवढाच, घेणारे कमी. डी१चा आवर कमी झाला तर म्हाताऱ्या पेशी जास्त पेटायला हव्यात. कापांत नेमकं तेच दिसतं. जेनिफर ल्युब्की यांच्या गटाने २००५ मध्ये वृद्ध माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या दुसऱ्या-तिसऱ्या थरातल्या पेशी तरुण पेशींपेक्षा जास्त वेगाने स्पंद सोडतात हे नोंदलं. पण जाग्या, काम करणाऱ्या वृद्ध माकडांत चित्र उलटं होतं. मिन वांग आणि एमी आर्नस्टेन यांनी २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की आठवण धरून ठेवण्याच्या काळात पेटत्या राहणाऱ्या पेशींचा वेग वयासोबत घसरतो, आणि चक्रीय एएमपीचा मार्ग रोखला किंवा त्याने उघडणाऱ्या एचसीएन, केसीएनक्यू या वाहिन्या बंद केल्या की तो पुन्हा चढतो. एकट्या पेशीत जास्त तत्परता आणि चालत्या मेंदूत कमी, ही विसंगती सोडियमवर बोलणाऱ्यांनी अजून पुरेशी अंगावर घेतलेली नाही. माझा कल असा, की म्हातारपणी पेशीचा सोडियम हा मुख्य आजारी भाग नसावा. तो ज्या जाळ्यात वापरला जातो त्या जाळ्याची गळती जास्त जबाबदार असावी.

औषधांच्या बाबतीत ही सगळी चर्चा अचानक जमिनीवर येते. अ‍ॅम्फेटामिन वारंवार दिलेल्या उंदरांच्या प्रीफ्रंटल पेशींत डी१मुळे होणारी सोडियमची घट कमी होते, हे पीटरसन, वुल्फ आणि व्हाइट यांनी २००६ मध्ये मोजलं. आवराचा हा ऱ्हास व्यसनाच्या खाणाखुणांपैकी एक असू शकतो. अर्बन, वॉटरहाउस आणि गाओ यांनी २०१२ मध्ये लहान उंदरांना मेथिलफेनिडेट दिलं. अवधानदोष असलेल्या मुलांना दिलं जाणारं हे औषध डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन दोन्ही वाढवतं. कमी मात्रेतही त्या उंदरांच्या प्रीफ्रंटल पेशींची उत्तेजकता दबली, आणि त्यात एचसीएन वाहिन्यांचा हात दिसला. प्रौढांना योग्य वाटणारी मात्रा लहानांना जास्त पडते, असा लेखकांचा इशारा होता. सोडियमच्या मोजणीत वयाला मध्यभागी आणायचं कारण शोधायला फार दूर जायला नको, ते इथे आहे.

माझ्या दृष्टीने हा वाद मिटवायला लागणारा प्रयोग महागडा आहे, पण गूढ नाही. एकाच प्रयोगशाळेत, एकाच डी१ चेतकाने, एकाच व्होल्टेजवरून पंधरा दिवसांच्या, पंचेचाळीस दिवसांच्या, तीन महिन्यांच्या आणि दोन वर्षांच्या उंदरांच्या प्रीफ्रंटल पेशी मोजाव्यात. वेगवान आणि रेंगाळणारा प्रवाह वेगवेगळे नोंदावेत, आणि प्रत्येक वयात ही मोजणी दोनदा व्हावी, एकदा सुट्या पेशीत आणि एकदा अक्षतंतूच्या आरंभखंडावर थेट काचनळी टेकवून. १.२ नसलेले आणि १.६ नसलेले उंदीरही सोबत हवेत, पण यांपैकी कोणतीही एक वाहिनी पूर्ण नसलेली पिल्लं काही आठवड्यांपलीकडे जगत नाहीत, म्हणून ही जनुकं फक्त या पेशींतून काढून टाकावी लागतील. दोन वर्षांच्या उंदराच्या मायलिनमधून आरंभखंड पकडणारे हात मात्र जगात थोडेच आहेत.